दाही प्रतिज्ञा

ताई, त्या सकाळी तू ऐकलंस का, एवढं मला आधी विचारायचं आहे.

तू आदिलाबादच्या दवाखान्यात खाटेवर होतीस. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, डोळे मात्र उघडे होते. पद्मानं तुला बोथहून आणलं होतं, जीपमध्ये तुझं डोकं मांडीवर घेऊन. मी पोचलो तेव्हा ती वॉर्डाच्या दाराशी उभी होती. कागदावर तिची सही कुणी घेत नव्हतं. रक्ताचं कोण आहे त्याला बोलवा, म्हणून सांगितलं होतं. मी सही केली. मग नर्सनं पद्माकडे पाहून विचारलं, ‘ये कौन लगते पेशंट के?’

पद्मा माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तुझ्या घरात जिचे केस पांढरे झाले ती बाई, तुझी ती कोण लागते हे माझ्या तोंडून निघण्याची वाट पाहत होती.

मी म्हणालो, ‘पहचान के हैं.’

ओळखीच्या आहेत. तुझी पापणी हलली. डॉक्टर म्हणाले, तसं आपोआप होतं, त्याला अर्थ नसतो. मी ते वाक्य अजून धरून बसलो आहे, आणि ते धरवत नाही.

ओळखीच्यांनी बाहेर थांबायचं होतं. आत घरचं एकच माणूस चालणार होतं. म्हणून शेवटपर्यंत आत मी होतो आणि पद्मा बाहेरच्या पायऱ्यांवर, थर्मास मांडीवर धरून. तू गेलीस तेव्हा तुझ्या उशाशी मी होतो, ताई, आणि तुझा हात कसा धरायचा हे मला माहीत नव्हतं. उजवा धरला. त्यात जीव नव्हता हे नंतर लक्षात आलं. तिनं डावा धरला असता.

आपल्या समाजाच्या मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या म्हणून लोक मागे लागलेत. तू कुठल्या कुठल्या मराठी शाळांत शिकवलंस, किती मुलींना दहावीच्या पुढं ढकललंस, ते मी लिहून देईन. ते अवघड नाही. हे त्यांच्यासाठी नाही.

तुला ठाऊक आहे मी कोण आहे ते. दिवसा तहसील दफ्तरात कारकून, आणि लग्नसराईत बौद्धाचार्य. पांढरा सदरा, पांढरी पँट, हातात माइक. आपल्या समाजाची अर्ध्या जिल्ह्यातली लग्नं मी लावली. बेल्यापासून वांकिडीपर्यंत लोक मला नावानं कमी आणि ‘लगन लावनारे सर’ म्हणून जास्त ओळखतात. आणि प्रत्येक लग्नात मी आपल्या आईबाबांची गोष्ट सांगत आलो. गावातलं बौद्ध पद्धतीचं पहिलं लग्न त्यांचं. होम नाही, सप्तपदी नाही, दोन प्रतिमांपुढं दोघं उभे राहिले आणि वंदना झाली. पटवारी हसला होता, यांचं ना लग्न ना निकाह. त्यावर बाबा म्हणाले होते, ‘आमी दोघं उभे राह्यलो, लोकायनं पाह्यलं, झालं लगन. कागद तुमचा तुमच्यापाशी ठेवा.’ इथं मंडपात टाळ्या पडतात. नेहमी पडतात.

तू म्हणायचीस, ‘बाबाच्या त्या एका वाक्यावर तू किती पंगती जेवला रे मिलिंद?’

कायद्याचा मला नादच होता. आपली लग्नं कायद्याच्या पुस्तकात हिंदू विवाह म्हणून धरली जातात, याचा मला राग होता. आपल्या विधीला स्वतःचा कायदा पाहिजे म्हणून आम्ही कलेक्टर कचेरीत प्रजावाणीच्या, म्हणजे लोकांचे अर्ज घेण्याच्या सोमवारी निवेदन दिलं होतं. पहिली सही तुझी घेतली होती, निवृत्त शिक्षिका म्हणून. तू चष्मा लावून पूर्ण वाचलंस, दोन चुका दुरुस्त केल्यास आणि मग सही केलीस.

पद्मा निर्मल गावाकडून शिलाई मशीन घेऊन आली तेव्हा तू तिला पुढची खोली भाड्यानं दिलीस. भाडं कधी बंद झालं ते मला माहीत नाही. खोल्यांमधलं दार कधी उघडलं तेही नाही. आम्ही मात्र ‘भाडेकरीण’ हा शब्द सोडला नाही. सणाला तू आमच्याकडे आलीस की आई विचारायची, ‘भाडेकरीण एकटीच हाय का घरी?’ आणि तिच्यासाठी डबा भरून द्यायची. डबा द्यायची, बोलवायची नाही. तुझ्या घरी आलो की मला दिसायचं सगळं. अंबाडीला तू अंबाडी म्हणायचीस, ती पुंटिकूरा म्हणायची, आणि भाजीत लसूण किती घालायचा यावरून रोज भांडण. ती तुला शेवटपर्यंत ‘टीचर’ म्हणत राहिली. माझं पाहणं तिथंच थांबायचं. त्यापुढं मी पाहायचो नाही.

मग त्या उन्हाळ्यात टीव्हीवर सुप्रीम कोर्टातली सुनावणी चालू झाली. दोन बायका, दोन पुरुष, यांचं लग्न कायद्यानं लग्न म्हणायचं का. आमच्या दफ्तरात त्यावर जे विनोद व्हायचे ते मी इथं लिहीत नाही. मी हसायचो, एवढं लिहितो.

तुझ्याकडे आलो तेव्हा तुम्ही दोघी अंगणात चिंच फोडत बसल्या होतात. मी खुर्चीत बसतो न बसतो तोच तू म्हणालीस, ‘मिलिंद, तू लोकायचे लगन लावतं. आमचं लावून दे.’

‘कोनाचं?’

‘माहं अन पद्माचं. म्हातारपनी हौस आली, समज.’

पद्मा म्हणाली, ‘टीचर, अन्नाला चहा तर पिऊ द्या. ठसका लागेल.’

ठसका लागलाच. तू थांबली नाहीस. ‘मंडप नको, जेवन नको, तुहं भाषन तर नकोच नको. दोन प्रतिमा घरात हायेत. तू म्हन, आमी मांगून म्हनतो.’

‘ताई, कायद्यात बसत नाही ते.’

‘म्या सर्टिफिकेट मागतलं का तुले?’

‘पन मग अर्थ काय त्याले?’

‘बाबाच्या लगनाले काय अर्थ होता? त्यायचं तरी कुठी बसलं होतं कायद्यात? तू तं झाला न.’

मला राग आला. खरं सांगतो, भीती वाटली म्हणून राग आला. मी विधीच्या आडोशाला गेलो. म्हणालो, आपल्या लग्नात नवऱ्याच्या पाच प्रतिज्ञा असतात आणि बायकोच्या पाच. तो म्हणतो मी हिचा मान राखीन, हिला दागिने देईन. ती म्हणते मी घर नीट चालवीन, याची कमाई जपीन. ‘तुमच्यात नवऱ्याच्या कोन म्हनन? बायकोच्या कोन म्हनन? सांग.’

मला वाटलं होतं, इथं तू अडशील.

तू चिंचेचा चिंचोका बाजूला टाकत म्हणालीस, ‘दोघी बी दाही म्हनू.’

‘दहा?’ पद्मा घाबरल्यासारखं करत म्हणाली. ‘पाठ नाही झालं तर टीचर मला बाकावर उभं करतील.’

‘अन दागिने?’ मी हट्टानं विचारलं.

‘ते माहे झंपर शिवते. म्या तिले चष्मा करून देल्ला. हेच आमचे दागिने, लिहून घे.’

तुम्ही दोघी हसत होतात. मी हसलो नाही. म्हणालो, कोर्टात चालू आहे, निकाल येऊ दे, मग पाहू. मी नाही म्हणालो नव्हतो, असं नंतर कितीदा तरी मनाला सांगितलं.

तू मला फाटकापर्यंत सोडायला आलीस तेव्हा तुझा आवाज वेगळा होता. ‘मिलिंद, मी मेल्यावर पद्माले या घरातून कोन काढन?’

‘कोनीच नाही. काऊन काढन?’

‘तूच काढशीन.’

‘मी? ताई, काय बोलून राह्यली तू?’

‘काढनार नाहीस, माहीत हाय मले. तू चांगला हायेस. पन काढू शकतं न? वारस तूच. तिनं तुह्या चांगलेपनावर राहायचं, हे नको हाय मले.’

वारसाचे दाखले दफ्तरात माझ्याच टेबलावरून जातात. तू बोललीस त्यातलं अक्षरही चूक नव्हतं. मी गाडीला किक मारली.

निकाल आला त्या दिवशी मी दफ्तराच्या व्हरांड्यातून तुला फोन केला. घरी जाईपर्यंत धीर नव्हता. म्हणालो, ‘ताई, निकाल लागला. कोर्टानं नाही म्हटलं. कायदा करनं संसदेचं काम हाय, आमचं नाही म्हनते.’

‘हव. पाह्यलं टीव्हीवर.’

मागं मशीन चालू होती. पद्मा शिवत होती. मी बोलत राहिलो, संसद, घटना, समाज अजून तयार नाही, कायकाय. तू ऐकून घेतलंस आणि मग विचारलंस, ‘तुह्या आवाजात एवढा जोर काऊन हाय, मिलिंद?’

‘कायचा जोर?’

‘सुटल्यावानी बोलून राह्यला तू.’

‘काही पन काय बोलतं, ताई.’

ताई, मी सुटलोच होतो. आमच्या लेकीच्या, मंगलच्या लग्नाची बोलणी चालू होती. बोलणीवाल्यांना काय सांगायचं, मंडळात काय तोंड दाखवायचं, लग्न लावायला मला कोण बोलावेल, या सगळ्यातून दिल्लीतल्या कोर्टानं मला एका दिवसात सोडवलं होतं. ज्या कायद्यानं मला हिंदू ठरवलं म्हणून मी निवेदनं देत फिरत होतो, त्याच कायद्याच्या मागं तुझ्यापासून लपायला मला जागा मिळाली. तू ते फोनवर आवाजातून ओळखलंस. इतकी वर्षं पोरांचे खोटे बहाणे ऐकलेली बाई तू, तुझ्यापुढं माझं काय चालणार होतं?

त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. मंगलच्या लग्नात तू आणि पद्मा दोघी आलात, तू पंगतीत वाढलंस, पद्मानं नवरीचा झंपर आयत्या वेळी दुरुस्त करून दिला. मला वाटलं, विसरलीस. तू विसरत नव्हतीस काहीच, हे मला बालपणापासून माहीत होतं, तरी मी स्वतःला तसं वाटू दिलं.

आता तुझ्या जलदानाचं सांगतो. ते तू पाहायला पाहिजे होतंस.

बोथच्या विहारात माणसं मावत नव्हती. तुझ्या जुन्या विद्यार्थिनी लेकरं काखेत घेऊन आल्या होत्या. आदल्या दिवशी शोभानं मला विचारलं होतं, ‘पद्माले बलावलं का?’

‘बलवाले कायले लागते? येईनच ते.’

‘येईन. पन बसवसान कुठी?’

मी बायकोला सतरंज्या किती लागतील ते विचारलं. मामांनी मात्र सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं, ‘तांब्याले घरचेच हात पायजेत मिलिंद. आता तरी चर्चा नको.’ आपल्यात पुण्य अर्पण करताना तांब्यातून भांड्यात पाण्याची धार धरतात, भांडं भरून वाहेपर्यंत. मेलेल्याची जी जवळची माणसं, त्यांचा हात तांब्याला लागतो. कुणाचा हात लागला हे सगळा समाज पाहतो. वर्षानुवर्षं मी माइकवरून नावं पुकारत आलो, या हो, मुलगा या, सून या, नातू या. नावं पुकारण्याचं काम माझं, ते त्या दिवशीही माझंच होतं.

मी माझं नाव घेतलं, शोभाचं घेतलं, मंगलचं घेतलं. मामांना बोलावलं. पद्मा बायकांच्या मागं, चपला काढतात तिथं भिंतीला टेकून उभी होती. पांढरी साडी नेसून. मला वाटतं ती साडी तुझी होती.

मी म्हणालो, ‘पद्माबाई, समोर या.’

ती हलली नाही. तिनं तिथूनच विचारलं, आवाज न चढवता, ‘कोन म्हनून येऊ, अन्ना?’

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दवाखान्यात मी जे सांगितलं होतं, त्यावर ती तिथं उभी होती, ओळखीच्यांच्या जागेवर. विहारातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. माइक माझ्या हातात होता. पाठ केलेलं काहीच उपयोगी नव्हतं.

‘ताईच्या जोडीदार म्हणून,’ मी म्हणालो. ‘ताईच्या जोडीदार म्हणून या.’

दोनदा म्हणालो, कारण पहिल्यांदा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मामा उठले. टोपी घातली आणि माणसांमधून वाट काढत गेले. दारात त्यांना चप्पल सापडेना, तेवढा वेळ सगळे थांबून राहिले. कुणीतरी तुझी विद्यार्थिनी हसली, आणि मग तोंडाला पदर लावला. शोभा सरकली आणि तिनं पद्माला जागा केली. पद्मा आली. तिचा हात तांब्याला लागला, बोटाला सुई टोचून टोचून कडक झालेला. मी गाथा म्हणत होतो आणि पाणी भांड्यातून वाहून सतरंजीवर गेलं तरी ती धार थांबवत नव्हती. मीही थांब म्हणालो नाही.

मला वाटलं होतं, हे बोलून मोकळं वाटेल. नाही वाटलं, ताई. तू गेल्यावर म्हणण्यात माझं काय गेलं? मामा रागावले, आणखी चार माणसं रागावतील. तू जिवंत असताना, त्या नर्सपुढं, एका अनोळखी बाईपुढं, जे दोन शब्द मला म्हणता आले नाहीत, त्यांची किंमत तिथं होती. म्हणालो असतो तर पद्मा आत आली असती. हातातल्या माइकनं मला धीटपणा दिला असेल. माइक नसताना माझ्यात तो नव्हता.

काल मी पद्माकडे गेलो. तुझ्या घरी, असं लिहिणार होतो. तिच्या घरी गेलो. ती कुणाच्या तरी मुलीचा फ्रॉक शिवत होती. गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणाली. मी खुर्चीत बसलो. म्हणालो, ‘पद्माबाई, घर तुमच्या नावानं करायचं हाय मले. कागद मी करतो. तुमाले कोनाच्या चांगलेपनावर राहाची गरज नाही.’

ती म्हणाली, ‘टीचर हेच बोलायच्या.’ आणि शिवत राहिली.

मग ज्यासाठी आलो होतो ते बोललो. ‘ताई होती तवा तुमचं लगन लावून द्याले पायजे होतं म्या. नाही लावलं. चुकलो मी.’

मशीन थांबली. पद्मानं चष्मा काढला, तू करून दिलेला, आणि पदरानं पुसला. ‘तुमी लावलं ना, अन्ना.’

मला कळेना.

‘तुमच्या कोर्टाचा तो निकाल आला ना, त्याच्यानंतर टीचर मला एका लग्नाला घेऊन गेल्या. तुमी लावलेलं. आमी मागं उभ्या होतो. तुमी नवऱ्याला सांगत होते, म्हना. आमी म्हनलो. नवरीला सांगत होते, म्हना. ते पन आमी म्हनलो. हळू. पाच पन, आनि पाच पन. टीचरनी मला घरी आठवडाभर पाठ करून घेतलं होतं.’ ती हसली. ‘एक चुकलं माझं. त्यांनी तिथंच चिमटा काढला.’

मी विचारलं, ‘कोनाचं लगन होतं ते?’

‘ते सांगत नाही.’

‘काऊन? मी कोनाले सांगनार नाही.’

‘टीचरनी सांगू नको म्हनलं होतं.’ तिनं चष्मा परत लावला आणि सुईखाली कापड सरळ केलं. ‘म्हनाल्या, मिलिंदला कळलं तर तो परत काढून घेईल.’

ताई, घरी येऊन मी त्या वर्षीची सगळी लग्नं आठवत बसलो. बोथचं, इंद्रवेल्लीचं, त्या पेट्रोल पंपामागच्या हॉलमधलं. नवरानवरी आठवतात, वर बसलेले पुढारी आठवतात, माझं भाषण आठवतं. मागं कोण उभं होतं ते एकाही लग्नातलं आठवत नाही. लग्न लावताना मी पुढंच पाहतो. आणि तू म्हणालीस ते खरं होतं का, मी काढून घेतलं असतं का? नाही म्हणायला मन धजत नाही. तुझी मला एवढी पारख होती, आणि तरी तू माझ्याच आवाजात ते लग्न लावून घेतलंस. दुसऱ्या कुणाकडे गेली नाहीस. यावर रडावं की तुझे पाय धरावेत, मला ठरवता येत नाही.

येत्या रविवारी वांकिडीला लग्न आहे. ते माझ्याकडं होतं. जलदानापासून त्या लोकांचा फोन नाही, आणि मी लावलेला त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल. तरी मी जाणार आहे. पद्माला विचारलं, येता का, तर म्हणाली, फ्रॉकची डिलिव्हरी शनिवारी आहे, त्याच्यानंतर मोकळीच आहे. माइक दुसऱ्याच्या हातात असला तर आम्ही दोघं मागं, चपला काढतात तिथं उभे राहू.